कुंकू लागलेला फोन

जातं माझं होतं आणि कुंकवाचं बोटही माझंच होतं. नाव मात्र दोन्ही वेळा कौसाचं झालं. आधी एवढं सांगून ठेवते, मग तिच्याविषयी काय चांगलं सांगायचं ते सांगते.

कौसा म्हणजे कौसल्या. वाशीमकडच्या मालेगावात आमची घरं समोरासमोर, मधे एक नाली. माहेर दोघींचं किन्हीराजा. तिथल्या शाळेत चौथीपर्यंत आम्ही एका तरटावर बसलो. पुढे तिलाही कोणी शिकवलं नाही आणि मलाही नाही. माझं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं होतं. मास्तर पाटी माझी उचलून दाखवायचे, पण वर्गात धडा मोठ्यानं वाचायला तिलाच उभं करायचे. तेव्हापासून हे चालू आहे.

दिसायलाही ती उजवी. नाक सरळ, केस दाट. म्हातारपणी माझी दातांची रांग पडली, तिचे सगळे दात जागेवर. माझ्या ओट्यावर बसून ती मुद्दाम फुटाणे खायची, कडाकडा आवाज करून. घरात शिरली की आधी चुलीकडे जायची. भाजीत बोट घालून चाखायची आणि म्हणायची, "मीठ कमी हाय, शांते." मीठ कमी असायचंच, हा त्यातला वाईट भाग.

तिचं एक पालुपद होतं: "वस्तू माही तं हुकूम माहा." शेळी कुठे बांधायची, शेताच्या धुऱ्यावर कोणतं झाड लावायचं, नवरा गेल्यावर शेत भावकीला द्यायचं की स्वतः पेरायचं, सगळ्याला हेच उत्तर. नवरा तरुणपणीच गेला होता. भावकीतले चार पुरुष शेत मागायला आले, तेव्हा दारात उभी राहून तिनं त्यांना हे एकच वाक्य इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी ते चहा न घेता परत गेले. मी दारातून पाहत होते. माझ्या घरात कोणती वस्तू माझी होती, ते मी तेव्हा मोजून पाहिलं नाही.

जात्याची गोष्ट गिरणीच्या वेळची. आमच्या भागात तेव्हा एकच गिरणी होती. गिरणीवाल्या शेठनं शेजारच्या खोलीत धान्याचं दुकान टाकलं आणि नियम काढला, गहू-ज्वारी माझ्या दुकानातून घ्याल तरच दळून मिळेल. घरच्या धान्यात खडे असतात, माझा दगड खराब होतो, असं कारण सांगायचा. आमच्या शेतातली ज्वारी आम्ही घरात ठेवायची आणि त्याच्याकडून विकत घ्यायची. बायका कुरकुरल्या आणि विकत घेऊ लागल्या. मीही घेतली.

कौसा माझ्याकडे आली. "शांते, तुहं जातं दे."

"कायले? तुहं काय झालं?"

"माह्या जात्याचा खुटा तुटला. दे ना व, खाऊन राह्यली का मी तुहं जातं?"

तिनं माझं जातं हमालाच्या डोक्यावर देऊन गिरणीच्या दारासमोर नेऊन मांडलं आणि भर बाजारात दळायला बसली. वर ओव्या म्हणायला लागली. तिचा गळा म्हणजे रेड्याचा. लोक आधी हसले, मग थांबले. दुसऱ्या दिवशी आणखी बायका आपापली जाती घेऊन आल्या. गिरणीत गिऱ्हाईक शिरायला वाट उरली नाही. शेठ बाहेर येऊन हात जोडू लागला, तेव्हा कौसा जात्यावरून न उठता म्हणाली, "गिरनी तुही हाय शेठ, तुहा हुकूम. पन ज्वारी माही हाय. तिच्यावर तुहा हुकूम काहून?"

नियम गेला. आजही आमच्या भागातल्या जुन्या बाया सांगतात, कौसाच्या जात्यानं शेठ वाकवला. कौसाच्या जात्यानं! जातं परत आलं तेव्हा माझ्याही जात्याचा खुटा मोडलेला होता.

आता फोनाचं. तिची मुलगी वंदना पुण्याला असते. तिनं आईला फोन पाठवला, त्या कंपनीचा, जिचं नाव घेताना आमच्याकडचे लोक आवाज थोडा खाली आणतात. कौसाचे हात तोवर थरथरायला लागले होते. डॉक्टर कंपवात म्हणाले. तिला आकडे दाबता यायचे नाहीत. एक दाबायला जायची, दुसराच दाबला जायचा, आणि चुकीचे आकडे फार झाले की फोन रुसून बसायचा. या फोनाला आकडे लागत नव्हते. तोंडासमोर धरला की तो उघडायचा. वंदनाचा विचार बरोबर होता. पण कौसा गल्लीभर फोन तोंडासमोर धरून फिरायची आणि म्हणायची, "मले पाह्यलं का उघडते बाप्पा. दुसऱ्याच्या थोबाडाले इचारत नाई." हे म्हणताना माझ्याकडे पाहायची.

फोन आला त्या दिवशी तिनं मला बोलावलं. नवीन वस्तू घरात आली की तिला कुंकू लावायचं, ही आमची रीत. मग तो बैल असो, ट्रॅक्टर असो की शिवणमशीन असो. कौसा विधवा. विधवेनं कुंकू लावायचं नाही, अशीही आमची रीत. सवाष्ण म्हणून मला बोलावलं. त्या एका बाबतीत मी तिच्यापेक्षा वर होते आणि ते मला माहीत होतं. मी चांगलं लुगडं नेसून गेले. कुंकू पाण्यात कालवलं आणि फोनाच्या कपाळावर, म्हणजे वर जिथे बारीक फट असते तिथे, भरघोस टिळा लावला. कुंकू लावायचं तर कपाळाला लावतात. फोनाचं कपाळ तिथे कान ठेवायला केलेलं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वरून अक्षता टाकल्या, पाण्याचं बोट फिरवलं.

संध्याकाळपर्यंत पडदा लाल-काळा झाला आणि मग विझला. गल्ली म्हणते मी मुद्दाम केलं. मी मुद्दाम काही केलं नाही. मी रीतीनं केलं.

कंपनीचं अधिकृत दुकान अकोल्याला. एसटीनं दोघी गेलो. काचेचं दार, आत गारठा, सगळीकडे पांढरं. काउंटरवरच्या पोरीनं फोन आत नेऊन उघडला आणि परत येऊन सांगितलं, "आत पाणी आणि लाल पावडर आहे, मॅम. हा दुरुस्त होणार नाही. तुम्ही नवीन घ्या, जुन्यावर थोडी सूट मिळेल."

"पडदा बदलून दे ना."

"या अवस्थेत आम्ही बदलत नाही, मॅम. आणि बाहेर कुठेही उघडू नका."

"काहून?"

"कंपनीची पॉलिसी आहे."

कौसानं तिला बरंच निरखून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "शांते, शेठ मेला नाई व. अकोल्यात दुकान टाकलं त्यानं."

मालेगावच्या स्टँडजवळ रफिकचं मोबाइलचं दुकान आहे. रफिक बडबड्या, दर वाक्याला कपाळ पुसणारा. त्यानं फोन उघडला आणि आधी माझ्याकडं पाहिलं. "काकी, ये फोन है के देवी?" ब्रश आणि स्पिरिटनं त्यानं सगळं साफ केलं. पडदा मात्र गेलेला होता. त्याच्याकडे त्याच कंपनीचा, त्याच जातीचा एक फुटलेला फोन पडून होता, पण त्याचा पडदा धड होता. तो त्यानं काढून इथे बसवला. फोन जागा झाला. आवाज आला, चित्र आलं. कौसानं तोंडासमोर धरला. फोन उघडला नाही. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं.

"काय म्हंते?"

रफिकनं कपाळ पुसलं. "म्हनते का हा पडदा मी वळखत नाई. म्हनून तोंड पाहून उघडनं बंद. आता आकडे दाबा."

"पडदा डुप्लिकेट हाय का?"

"अल्ला कसम, असली हाय. कंपनीचाच हाय. पन कंपनीनं आतमधून कुलूप लावलं काकी. त्यायच्या दुकानात बसवला तं तेच खोलतात. म्या बसवला तं मी चोर."

"मंग तुहा धंदा?"

"धंदा? लोक म्हनतात रफिकनं फोन बिघडवला. परवा एक जन भांडून गेला."

ती दुकानातल्या स्टुलावर बसून राहिली. हात मांडीवर थरथरत होते. मग तिनं ठरवलं, आणि पुढची वर्षं तिनं दुसरं काही ठरवलं नाही. हा फोन, ह्याच पडद्यासकट, तिच्या तोंडाला उघडला पाहिजे. वंदना नवीन फोन पाठवायला तयार होती. कौसानं तिला सांगितलं, नवा पाठवशील तर नालीत टाकीन.

तेव्हापासून ती रोज माझ्याकडे यायची. तिचे आकडे मला पाठ झाले. ती ओट्यावर बसायची, फोन माझ्यासमोर धरायची आणि म्हणायची, "दाब." मी दाबायची. घाई करायची नाही. आधी हात धुवायची, पुसायची, चष्मा शोधायची. ती चिडायची आणि मी आणखी हळू दाबायची. तिचा फोन आता माझ्या बोटाशिवाय उघडत नव्हता. मला ते आवडायचं, हे कशाला लपवू?

वंदनाच्या ओळखीनं नागपूरच्या एक वकीलबाई आल्या. तरुण, केस कापलेल्या, पण जमिनीवर मांडी घालून बसल्या. असल्या तक्रारी ऐकणाऱ्या दिल्लीच्या सरकारी आयोगापुढे या कंपनीविरुद्ध प्रकरण चालू होतं आणि त्यांना कौसासारखी माणसं हवी होती. त्यांनी समजावून सांगितलं, कंपनी मोठी असणं हा काही गुन्हा नाही. पण मोठेपणाच्या जोरावर दुसऱ्याला धंदाच करू द्यायचा नाही, फोन घेतला म्हणजे दुरुस्तीही आमच्याकडूनच, फोनात काय टाकायचं तेही आमच्याच दुकानातून, असं बांधून घालायचं, याला मक्तेदारीचा गैरवापर म्हणतात आणि त्याविरुद्ध कायदा आहे.

"हे तं गिरनीचं झालं," कौसा म्हणाली.

वकीलबाईंना गिरणी माहीत नव्हती. कौसानं सगळी गोष्ट सांगितली. जात्याशी आली तेव्हा म्हणाली, "मंग म्या जातं नेलं."

"माहं," मी म्हणाले.

"हो, हिचं," कौसा म्हणाली आणि पुढे गेली. वकीलबाईंनी ते लिहून घेतलं नाही. मी पाहत होते.

जबाबाचा दिवस आला. दिल्लीला जायचं नव्हतं. वाशीमला एका वकिलाच्या ऑफिसात मोठा पडदा होता, त्यावर दिल्लीचे अधिकारी आणि कंपनीचे वकील दिसणार होते. मी जरीकाठाचं लुगडं नेसले, कपाळभर कुंकू लावलं. वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की कंपनी लाल पावडरीवरून धरेल. म्हणजे प्रश्न येणार होता आणि उत्तर मी होते. फोनाला हात माझा लागला होता. दिल्लीत माझं नाव जाणार, असं मी आमच्या मालकांना सांगूनच निघाले होते.

कौसाला मधे बसवलं, मी बाजूला. पडद्यात आम्ही लहान दिसत होतो. कंपनीचा वकील गोरागोमटा, टाय घातलेला. तो इंग्रजीत बोलायचा आणि एक बाई मराठीत सांगायची.

"फोनमध्ये पाणी आणि लाल पावडर सापडली. हे खरं आहे का?"

"खरं हाय."

"ती कोणी टाकली?"

मी पदर सारखा केला आणि पुढे सरकले.

"म्या," कौसा म्हणाली. "म्याच लावलं कुंकू."

ऑफिसातला कारकून मान वर करून तिच्या कपाळाकडे पाहायला लागला. तिथे काही नव्हतं. कपाळ कोरं. ती कारकुनाकडे न पाहता पडद्याकडे पाहत होती.

"का लावलं?"

"नवी वस्तू घरात आली का आमी कुंकू लावतो. टॅक्टरले लावतो, मोटरपंपाले लावतो. त्यायच्या कंपनीनं कधी म्हटलं नाई का कुंकू लावलं, आता आमी तुले वळखत नाई."

पडद्यावरचा एक अधिकारी हसला आणि त्यानं हसू पुसलं.

"चेहऱ्याचं कुलूप तुमच्याच सुरक्षेसाठी आहे. बाहेरच्या माणसानं फोन उघडला तर ते बंद होणं योग्य नाही का?"

"सायेब, माह्या घराचं कुलूप बिघडलं तं म्या गल्लीतल्या लोहाराले बलावते. कुलपाची कंपनी येऊन म्हनत नाई का आता घरवालीच खोटी. पडदा तुमचाच. फोन तुमच्याच कारखान्यातला. थोबाड माहं. यातलं बाहेरचं कोन हाय, ते सांगा."

वकील कागद चाळायला लागला. पुढे बराच वेळ चाललं, पण माझ्या कानात काही शिरलं नाही.

परतीच्या बसमधे मी विचारलं, "माहं नाव काहून नाई घेतलं?"

"काय करतं नाव घेऊन?"

"कुंकू म्या लावलं."

"मंग? तुले इचारलं असतं का किती पानी टाकलं, कायले टाकलं, तं तू काय सांगतं? तू कंडक्टरले सुट्टे मागताना लाजतं."

"खोटं बोलली तू. थेट दिल्लीपर्यंत."

"फोन माहा हाय ना? मंग त्याच्यातलं पानीबी माहं, कुंकूबी माहं." आणि तिनं माझ्या मांडीवर थाप मारली. "तुह्या घरच्यानं तुले घरात घेतलं असतं का, कोरटात नाव गेलं असतं तं?"

आमच्या मालकांनी घरात घेतलंच असतं. ते भित्रे होते, वाईट नव्हते. मी उतरेपर्यंत तिच्याशी बोलले नाही. पेपरात तिचा फोटो आला, फोन हातात धरलेला. डाव्या बाजूला एक कोपर आणि जरीचा काठ दिसतो. ते कोपर माझं.

त्याच हिवाळ्यात आमचे मालक गेले. घर माणसांनी भरलं. बायका माझ्याजवळ बसून रडत होत्या आणि रडता रडता माझ्याकडे पाहत होत्या, मी रडते की नाही. तिसऱ्या दिवशी कौसा आली. गर्दीतून वाट काढत समोर येऊन बसली. सांत्वनाचा एक शब्द बोलली नाही. फोन पुढे केला.

"दाब."

बायका तिच्याकडे पाहत राहिल्या. मी हात पुसले आणि आकडे दाबले. चष्मा शोधला नाही. ती तिथेच बसून वंदनाशी बोलली, मोठमोठ्यानं, पुण्यातल्या पावट्याचा भाव विचारत. मग गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

आयोगाचा निकाल काही लागत नव्हता. कंपनीचे वकील पुढची तारीख मागायचे, मग त्याच्या पुढची. आणि मग एका दुपारी रफिकनं फोन नवीन करून दिला, म्हणजे कंपनीनं पाठवलेली काही सुधारणा आत घेतली, आणि पडद्यावर नवंच वाक्य आलं. दुसऱ्या फोनातून काढलेला अस्सल भाग आता चालेल. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, असल्या तक्रारी पुष्कळ देशांत चालू आहेत, कंपनी म्हणते आम्ही हे करणारच होतो, कोणामुळे झालं ते सांगता येणार नाही. कौसा म्हणाली, "मले सांगता येते."

ती माझ्याकडे आली. फोन तोंडासमोर धरला. तो उघडला. तिनं बंद केला, पुन्हा धरला, पुन्हा उघडला.

"पाह्यलं?"

"पाह्यलं," मी म्हणाले. "बरं झालं. आता रोज यायचं काम नाई."

तिनं फोन खाली ठेवला. उठून माझ्या देवघरात गेली आणि माझा कुंकवाचा करंडा घेऊन आली. मालक गेल्यापासून तो मी उघडला नव्हता. तिनं झाकण काढायचा प्रयत्न केला. हात थरथरत होते, निघेना. मी काढून दिलं.

"लाव फोनले. आज खरा घरात आला तो."

"मी कशी लावू? आता मीबी तुह्यासारखीच."

"दिल्लीत कागदावर लिवलं हाय, कौसल्याबाईनं कुंकू लावलं म्हनून. सरकारी कागद खोटा पडू द्यायचा का?"

तिनं बोट करंड्यात बुडवलं. कुंकू कोरडंच होतं, पाणी या वेळी नव्हतं. फोन उलटा केला आणि पाठीवर टिकली लावली. बोट हललं म्हणून टिकली वाकडी, लांबट झाली. थोडं कुंकू माझ्या फरशीवर सांडलं. मग करंडा माझ्याकडे ढकलला आणि फुटाणे काढून खायला लागली, जसं काही झालंच नाही.

मी दाराकडे पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं. असतं तरी काय. मी बोट बुडवलं आणि तिच्या टिकलीशेजारी माझी लावली. पहिली तेव्हाही तिचीच झाली.

रफिककडून तिनं त्यावर आरपार दिसणारं कव्हर बसवून घेतलं, टिकल्या पुसू नयेत म्हणून. गल्लीत सगळ्यांना दाखवत फिरली. लोक काय बोलले ते बोलले.

नंतर तिचे पायही थरथरायला लागले. वंदना येऊन तिला पुण्याला घेऊन गेली. तिथेच ती वारली. आम्हाला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. आयोगाचा निकाल अजून आलेला नाही. आला तर पेपरात तिचाच फोटो छापतील, मला माहीत आहे.

ती पुण्याला निघाली त्या सकाळी मी ओट्यावरच बसले होते. निरोप घ्यायला नालीपलीकडे गेले नाही. तिला गाडीत बसवलं, काच वर झाली. गाडी वळताना तिनं फोन काचेला लावून धरला, पाठ बाहेर करून. लाल टिकल्या दोन. रस्त्यावरच्या कोणालाही कळलं नसतं कोणती कोणाची.

गोल होती ती माझी.